घराण्याचा माग, कामाच्या कागदांतून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण कासूच्या या व्याख्यानमालेला दर वर्षी जमतो, त्यांनी शाळेचे जुने जनरल रजिस्टर कापडात बांधून, त्यात कडुनिंबाचा पाला घालून जपले. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, दाखल झाल्याची तारीख, आणि त्याच ओळीत एक रकाना : पालकाचा धंदा. आज मी बोलणार आहे ते या रकान्याविषयी.

घराण्याचा इतिहास शोधण्याची ओढ अलीकडे फार वाढली आहे आणि मला तिचा आनंद वाटतो. मुंबई-पुण्यात तिसरी पिढी वाढलेली मुले विचारू लागली आहेत की आमचा पणजोबा कुठून आला, काय करत होता, गाव का सोडले. ती येतात ती आडनाव घेऊन. ‘आमचे आडनाव अमुक, तर आमचे मूळ कुठले?’ या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलो आहे : आडनाव थोडे बाजूला ठेवा, पणजोबाचे काम काय होते ते आधी सांगा.

असे का म्हणतो ते ऐका. पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर ही आडनावे पेण तालुक्यात गावोगाव आहेत. एका गावच्या म्हात्र्यांचे दुसऱ्या गावच्या म्हात्र्यांशी नाते असेलच असे नाही. पाटील हा तर हुद्दाच. शिवाय पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या गावच्या कागदात सामान्य माणसाला बहुधा आडनाव नसतेच. असते ते त्याचे नाव, ‘बिन’ लावून बापाचे नाव, आणि सुतार, कुंभार, तेली, महार, शेटे असा कामाचा किंवा हक्काचा उल्लेख. आडनावे कायमची झाली ती पुढे, शाळेच्या, गिरणीच्या आणि तलाठ्याच्या वह्यांत. राजे-सरदारांच्या वंशावळी भाटांनी आणि बखरकारांनी सांभाळल्या. आपल्या पणजोबाचे नाव कागदावर आले ते त्याने कर भरला म्हणून, बांध घातला म्हणून, हक्क मागितला म्हणून, किंवा कुणाच्या भांडणात साक्ष दिली म्हणून. म्हणजे आपल्या घराण्याचा माग लागतो तो कामाच्या कागदांत.

युरोपात या शोधाची मोठी सोय आहे. लंडनमध्ये शिंपी, सोनार, छापखानेवाले, मासे विकणारे अशा प्रत्येक पेशाची संघटना होती. तिला तिथे लिव्हरी कंपनी म्हणतात. एखादा पोरगा कसब शिकायला उस्तादाकडे राहिला की त्याचा करार वहीत चढे. सात वर्षे किंवा अधिक मुदत, बापाचे नाव, बापाचा धंदा, बापाचे गाव. मुदत संपली की त्याला शहराचा ‘मुक्त नागरिक’ म्हणून दाखल करीत, त्याचीही नोंद होई. यॉर्क शहरात अशा नागरिकांच्या याद्या 1272 पासून आहेत. तिथल्या एखाद्या गरीब चांभाराचा वंशज आज चारशे वर्षे मागे जाऊ शकतो तो या वह्यांच्या बळावर. पण तिथले अभ्यासकही एक सावधगिरी सांगतात. लंडनच्या रिवाजाप्रमाणे एका कंपनीचा सभासद दुसराच धंदा करू शके. बापाच्या हक्काने मुलगा कापडवाल्यांच्या कंपनीत जाई आणि पोट भरी ते भलत्याच धंद्यावर. ही सावधगिरी लक्षात ठेवा, आपल्याकडे ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे असे काही होते का? होते, आणि फार जुने. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या गरजा भागवायच्या. विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाने कायमची ठेव ठेवावी, एवढी तिची पत होती. नाशिकच्याच आणखी एका लेखात कुंभार आणि तेल काढणारे यांच्या श्रेणी आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार आहेत. पण तिथे श्रेणीचे नाव आहे, सभासदांची यादी नाही. म्हणून घराणे शोधणाऱ्याला हे लेख अभिमान देतात, पण आजोबाचे नाव देत नाहीत.

नाव देणारा लेख आपल्या जिल्ह्यातच आहे. रोह्याच्या दक्षिणेला, तळे तालुक्यात कुडे येथे राजपुरी खाडीच्या काठावर डोंगरात लेणी आहेत. साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. तिथे दान देणाऱ्यांत एक माळी आहे आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे. दोघांनीही आपला धंदा दगडात कोरून घेतला आहे. आणि तिथे एका वैद्याचा लेख आहे. सोमदेव त्याचे नाव. तो आपल्या बापाचे नाव सांगतो : वैद्य इसिरखित. मग मुलगे सांगतो : नाग, इसिरखित, शिवघोष. मग मुली सांगतो : इसिपालिता, पुसा, धम्मा, सप्पा. तीन पिढ्या एका लेखात आहेत. नातवाला आजोबाचे नाव दिले आहे; ते आपण आजही करतो. वैद्यकी बापाकडून मुलाकडे आली आहे. आणि चार मुली नावानिशी आहेत. पुढच्या दीड हजार वर्षांच्या कागदांत मुलींची नावे किती क्वचित सापडतात हे पाहिले की या वैद्याविषयी माझा आदर वाढतो. रायगड जिल्ह्यातल्या एका वैद्य कुटुंबाची ही जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीची वंशावळ आहे. कुड्याला सहली जातात, शिल्पे पाहून येतात. माझी शिक्षकांना विनंती आहे की मुलांना हा लेख दाखवा.

आता शिवकाळ आणि पेशवाईकडे येऊ, कारण आपला खरा साठा तिथे आहे. त्या काळी गावात बलुतेदार आणि पेठेत शेटे-महाजन होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहून या व्यवस्थेचे जे वर्णन केले ते आपणा सर्वांना माहीत आहे, म्हणून मी ते पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते त्या व्यवस्थेने मागे ठेवलेल्या कागदांविषयी. वतनावरून तंटा झाला की गोतसभा बसे. तिचा निर्णय म्हणजे महजर. महजराच्या सुरुवातीला ‘हाजीर मजालसी’ म्हणून बसलेल्या लोकांची यादी असते : पाटील, कुळकर्णी, शेटे, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, प्रत्येकाचे नाव आणि बहुधा बापाचे नाव. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या हत्याराची निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. निरक्षर माणसाने स्वतःच्या हाताने काढलेली अशी निशाणी पाहताना त्या घराण्याच्या वंशजाच्या डोळ्यांत पाणी येते, हे मी पाहिले आहे.

महजर कसा वाचावा, याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. भांडणारे दोन्ही पक्ष आपापला ‘करीना’ देत, म्हणजे आमचे वतन मूळ कसे मिळाले, मूळ पुरुष कोण, त्याचे मुलगे कोण याची हकीकत. वंशावळ शोधणारा माणूस या करिन्यावर झडप घालतो, कारण तिथे सात-आठ पिढ्या आयत्या मिळतात. पण करीना हा हक्क मागणाऱ्याचा कागद आहे. त्यात सोयीचा भाऊ वाढतो आणि गैरसोयीचा भाऊ गाळला जातो. खोटे महजर तयार केल्याच्या तक्रारीही जुन्या कागदांतच सापडतात. म्हणून माझा विश्वास वादी-प्रतिवादींपेक्षा साक्षीदारांवर अधिक आहे. पाटिलकीच्या तंट्यात साक्षीला बसलेल्या कुंभाराला स्वतःच्या बापाचे नाव खोटे सांगण्याचे काही कारण नसते. घराणे कुंभाराचे असेल तर कुंभारांचे कागद शोधत बसू नका, पाटलांच्या भांडणांचे कागद शोधा. तुमचा पूर्वज तिथे साक्षीदार म्हणून बसलेला असण्याचा संभव जास्त.

श्रेणीच्या सभासद-यादीला सगळ्यांत जवळचा आपला कागद म्हणजे मोहतर्फ्याची यादी. मोहतर्फा हा धंद्यावरचा कर. दुकानावर, मागावर, तेलाच्या घाण्यावर, होडीवर तो बसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो चालला. कर घ्यायचा तर नाव लिहायला हवे, म्हणून पेठेतला एकेक धंदेवाला या याद्यांत उतरला आहे. पेण, नागोठणे, रोहे-अष्टमी, चौल, रेवदंडा ही सगळी पेठांची आणि बंदरांची ठिकाणे. चौलचे विणकर मुंबईला नेऊन वसवण्याचा उद्योग सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियरने केला. पुण्याच्या तांबट आळीतल्या त्वष्टा कासारांची घराणी पेशवाईत कोकणातून वर गेली. निजामपूरकर हे आडनाव तिथे आजही माणगाव तालुक्यातल्या गावाची आठवण देते. धंदा माणसाला गावाबाहेर नेतो. म्हणून एका गावचे कागद संपले तरी शोध संपत नाही, तो धंद्याच्या पुढच्या पेठेत सुरू होतो.

आता आपल्या जिल्ह्यातला या विषयाचा सर्वांत चांगला दाखला सांगतो, आणि त्यावर मी थोडा थांबणार आहे. तो म्हणजे शनवार तेल्यांचा. बेने इस्राएल हा ज्यू समाज आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिला. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. या मंडळींनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाने धर्म विचारला नाही, काम आणि सुटीचा वार पाहिला आणि नाव दिले.

यांची घराणी शोधायची तर काय करावे लागते पाहा. आडनावे शंभराहून अधिक, आणि बहुतेक आपल्याच गावांची : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नागावकर, किहीमकर, झिराडकर, थळकर, चेऊलकर, घोसाळकर. इथे आडनाव गाव सांगते, पण माणूस सांगत नाही. माणसाचे नाव शोधायला गेलात तर दुसरी अडचण. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 साली बांधणारे गृहस्थ इंग्रजी ग्रंथांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून येतात. मराठी तोंडी ते समाजी हसाजी दिवेकर. ते कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आले. त्यांचा वंशज ‘सॅम्युएल’ म्हणून मोडी कागद धुंडाळत राहिला तर त्याला काही मिळणार नाही. ‘समाजी’ म्हणून शोधले तर मिळेल. आणि धंदा तेव्हा बदललेला होता. तेली म्हणून नोंद झालेली घराणी तोवर पलटणीत, सुतारकामात, गवंडीकामात गेली होती. लंडनची ती सावधगिरी इथे कामाला येते : वहीत तेली आहे म्हणून घाणा चालू होता असे समजू नये.

या समाजाने मागे ठेवलेली साधने अनेक प्रकारची आहेत. मुंबईनंतर अलिबागला 1848 साली आणि पेणला 1863 साली सिनेगॉगे उभी राहिली. लग्नाचे करार, सिनेगॉगच्या वर्गण्यांचे हिशेब, दफनभूमीतल्या मराठी आणि हिब्रू दगडांवरची नावे, पलटणीच्या याद्या ही ती साधने. अलिबागचे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. तो 1937 साली तेल अवीवला छापला गेला. एका माणसाने वेळेवर लिहून ठेवले म्हणून पुढच्या सगळ्यांचे काम सोपे झाले. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे जन्मलेली नातवंडे आज पेण, नवगाव, रेवदंड्याला येतात, दगडांवरची नावे वाचायचा प्रयत्न करतात. ती आली की त्यांना घाण्याची जागा दाखवणारा, आपल्या आजीकडून ऐकलेले सांगणारा एखादा म्हातारा गावात अजून भेटतो. त्या म्हाताऱ्याचे बोलणेही कागदावर यायला हवे. ते काम इस्राएलमधून होणार नाही, इथूनच व्हायला हवे.

आता अगदी घराजवळ येऊ. कासूच्या पश्चिमेला आंबा नदीच्या खाडीकडे पाहिले की खारी दिसतात. ही जमीन समुद्राने दिली नाही, माणसांनी बांध घालून काढून घेतली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात या जमिनींची शिलोत्री पद्धत होती. खार बांधून काढणारा तो शिलोत्रदार. बाहेरचा मोठा बांध राखणे त्याच्याकडे, आणि त्याबद्दल तो कुळाकडून बिघ्याला मणभर भात घेई. आतले बांध कुळांनी घालायचे. खांड पडली, खारे पाणी आत आले, तर सगळ्यांचे पीक जाई. म्हणून बांधावर कुणी किती माणसे द्यायची हे ठरलेले असे. माझ्या मते या खारपट्ट्याची खरी श्रेणी हीच. तिला सनद नव्हती, निशाण नव्हते, पण सभासद होते, वाटा होता, कर्तव्य होते आणि चुकणाऱ्याला जाब होता. एखाद्या खारीच्या जुन्या कुळांची यादी आणि पुढे हक्कनोंदीतली, सातबारातली, फेरफारातली नावे एकापुढे एक लावली तर आगरी, कोळी, कुणबी घराण्यांच्या चार-पाच पिढ्या सहज उभ्या राहतात. हे काम इतिहासकार राजवाड्यांना किंवा आवळसकरांना करता आले नाही, कारण त्यांच्यापुढे त्याहून मोठे डोंगर होते. शां. वि. आवळसकरांनी आंग्रेकालीन अष्टागराचा इतिहास लिहून आपल्यावर उपकार केले आहेत. पण पेणच्या खारींचा, एकेका खारीचा, तिथल्या माणसांच्या नावानिशी इतिहास लिहिणे अजून आपल्यावरच आहे. आणि ते लवकर करायला हवे. कारखाने, रस्ते, भराव यांनी खारी झपाट्याने नाहीशा होत आहेत. जमीन विकली की तिचे जुने कागद घरात ठेवण्याचे कारण कुणाला उरत नाही.

इथवर ज्यांना हक्क होता त्यांचे बोललो. ज्यांना हक्क नव्हता त्यांचे काय? कातकरी समाज या तालुक्यांचा. कात काढणे, कोळसा पाडणे, पुढे वीटभट्टीवर राबणे. वतन नाही, म्हणून महजरात नाव नाही. जमीन नाही, म्हणून सातबारात नाव नाही. त्यांचे नाव लिहिले गेले ते ठेकेदाराच्या उचलीच्या वहीत, अमुकला इतके रुपये दिले, अमुक हंगाम बाकी. माणसाला कर्जात बांधणारी ती वहीच कधीकधी त्याच्या आजोबाचा एकमेव लेखी पुरावा असते. या अन्यायाचा मला राग येतो आणि तरीही मी म्हणतो की ती वही जाळू नका.

महार वतनाची गोष्ट अशीच आहे. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरे झाली, वारसांच्या नोंदी झाल्या. सरकारने त्या केल्या त्या राबणूक चालू राहावी म्हणून. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, वतन म्हणजे गुलामी हे त्यांनी ठणकावून सांगितले. अखेर 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली. ती जायलाच हवी होती. पण ती रजिस्टरे आज त्या समाजातल्या हजारो कुटुंबांना आपल्या पणजोबापर्यंत नेतात. शोध घेणाऱ्यांना एक सूचना. जुन्या कारकुनांनी दलित माणसांची नावे तोडून, तुच्छतेने लिहिली आहेत. घरी जो धोंडीबा होता तो वहीत धोंड्या आहे. शोधताना तेही रूप शोधा, आणि आपल्या वंशावळीत उतरवताना त्यांचे नाव मानाने लिहा.

बायकांविषयी तर फारच थोडे हाती लागते. वतनाच्या कागदांत बाई दिसते ती विधवा म्हणून, दत्तक घेताना, भावबंदांनी हक्क नाकारल्यावर सरकारात फिर्याद नेताना. ती अर्धी ओळ सोडू नका. आईकडची बाजू बहुधा तेवढ्यावरच सापडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत मात्र यात्रेला आलेल्या बायकांची नावे पुष्कळदा असतात. कुटुंबातले कुणी तिकडे जाणार असेल तर आपल्या उपाध्यायांकडे गावाच्या नावाची नामावळ मागा. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतल्या उटाह राज्यातली एक वंशशास्त्र संस्था घेऊन गेली. आपल्या वह्यांकडे आपणच पाहायला हवे.

विसाव्या शतकात या पट्ट्यातले लोक नागोठणे-धरमतरहून बोटीने, पुढे एस.टी.ने आणि 1986 साली आपटा-रोहा लोहमार्ग झाल्यावर गाडीने मुंबईला जात राहिले. गिरणी, गोदी, रेल्वे. तिथे नवी श्रेणी म्हणजे युनियन आणि गावचे मुंबईकर मंडळ. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मग गिरण्याच गेल्या. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा अट अशी की कामगार 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर पटावर असला पाहिजे. हजारो वारस तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पगाराची पावती शोधत फिरले. कुणाकडे पत्र्याच्या पेटीत कार्ड निघाले, कुणाकडे काहीच नाही. वडील वीस वर्षे साच्यावर उभे होते हे सगळ्या चाळीला माहीत होते, पण कागद नव्हता. मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत ‘अमुक, अमुक गिरणी, खोली अमुक’ अशा नोंदी होत्या. त्यातल्या किती वह्या रद्दीत गेल्या असतील, या विचाराने मन विषण्ण होते.

2023 च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला कुणबी नोंदी शोधायला सांगितले आणि सगळा महाराष्ट्र जुने कागद उलटू लागला. जन्म-मृत्यूचे गाव नमुने, शाळेची रजिस्टरे, महसूल कागद, मोडीतली कागदपत्रे. मोडी वाचणाऱ्यांची घरे लोक शोधू लागले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर माझे इथे काही म्हणणे नाही, तो या व्यासपीठाचा विषय नाही. पण त्या महिन्यांनी एक गोष्ट सर्वांना शिकवली : नोंद ज्याची राहिली त्याला बोलता येते. आणि एक भीतीही दाखवली. गरज असते तेव्हा माणसाला हवी ती नोंद दिसू लागते. म्हणून एका कागदावर वंशावळ उभी करू नका. दोन वेगळ्या हेतूंनी लिहिलेले, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले कागद जुळले तरच पिढी पक्की धरा. तारखांकडेही लक्ष द्या. सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवल्याशिवाय इसवी सन मिळत नाही. अनेक वंशावळींत आजोबा नातवानंतर जन्मतो तो या चुकीमुळे.

माझ्यापुढे बसलेल्या तरुणांना मला थेट काही सांगायचे आहे. मोडी शिका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराबरोबर आंग्रे दप्तरही आहे. ते वाचणारे कुलाब्याचे लोक हवेत. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतींच्या कारखान्यांत कोण कुणाच्या हाताखाली शिकले, याची वही आजवर कुणी केलेली नाही. ज्यांनी पहिल्या पिढीच्या कारागिरांना पाहिले ती माणसे आता थोडी उरली आहेत. मूर्तिकारांच्या मुलांनी या हंगामात ती वही सुरू करावी. गणपतीला मुंबईकर गावी येतात, तेव्हा मंडळाच्या कपाटातल्या वर्गणीच्या वह्यांची फोनने छायाचित्रे काढा, पानामागून पान, तारखेसकट. आजी-आजोबांना विचाराल तेव्हा ‘आपण कोण’ असे विचारू नका, ‘तुमचे वडील दिवसभर काय काम करत’ असे विचारा. उत्तर लांब येते आणि त्यात माणसे, गावे, मुकादम, सावकार सगळे येतात. आणि कासूच्या ज्या घरांत जुन्या खारीचे, घाण्याचे, होडीचे कागद असतील त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा जाळण्यापूर्वी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एकदा दाखवावेत. मूळ कागद तुमचे तुमच्याकडे राहतील, प्रत इथे ठेवली जाईल, आणि मोडी वाचून द्यायला मी येईन.